पळायला जाणाऱ्या पोरीच्या पोटात काय असतं?

आया, सासवा, सुना, नणंदा आणि भाकऱ्या थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या मैत्रिणींनो, मागच्या वेळी आपण कर्जफेडीबद्दल बोललो होतो. आज पोटाबद्दल बोलायचंय. पण सुरुवात कर्जाच्या वहीपासूनच करू.

आम्ही बचत गटांच्या समन्वयाचं काम करतो. दर महिन्याला वह्या बघतो. कर्जाच्या कारणाच्या रकान्यात पूर्वी बियाणं, शेळी, दवाखाना, लग्न एवढंच दिसायचं. अलीकडे त्यात एक नवं कारण आलंय, ‘मुलीची भरती’. कुणी अकॅडमीची फी भरायला पैसे उचलते, कुणी पळायच्या बुटांना, कुणी फॉर्मला आणि गाडीभाड्याला. आम्हाला याचा आनंदच आहे. पोरीच्या नोकरीसाठी आई गटातून कर्ज काढते, ही साधी गोष्ट नाही. माण तालुक्यातल्या मोहीसारख्या दुष्काळी गावातली ललिता बाबर पळत पळत २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीपर्यंत गेली, हे आपल्या पोरींना तोंडपाठ आहे. त्यांना आता कुणी ‘कशाला पळतेस’ म्हणत नाही.

पण वहीत एक गोष्ट कुठंच लिहिलेली नसते. पोरगी पहाटे पाचला रस्त्याला लागते, तेव्हा तिच्या पोटात काय असतं?

आम्ही हा प्रश्न बैठकांमध्ये विचारायला लागलो. पहिल्यांदा सगळ्या हसल्या. मग उत्तरं आली. ‘काही नसतं.’ ‘कोरा चहा घेऊन जाते.’ ‘येऊन खाते की.’ आल्यावर काय खाते, असं विचारलं तर कळलं, की आल्यावर पाणी भरते, आंघोळ करते आणि सातच्या एसटीनं कॉलेजला जाते. डबा उघडते अकराला. आदल्या रात्री जेवलेली असते आठला. म्हणजे पंधरा तास पोटात अन्न नाही आणि त्यात पळणं, बैठका, गोळाफेक. आपण बैलाला नांगराला जुंपायच्या आधी वैरण टाकतो, बायांनो.

आता शरीरात काय होतं ते समजून घेऊ. खाल्लेल्या अन्नातली साखर रक्तातून सगळीकडे जाते. जास्तीची असेल ती लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये साठते. लिव्हर म्हणजे आपलं यकृत. ते साधारण शंभर ग्रॅमपर्यंत साखर साठवतं आणि रात्रभर आपण झोपलेलो असताना थोडी थोडी रक्तात सोडत राहतं, कारण मेंदूला झोपेतही ती लागते. पहाटेपर्यंत हा साठा बराच उतरलेला असतो. रांजणातलं पाणी सकाळी तळाला गेलेलं असतं ना, तसं. स्नायूंमधली साखर स्नायूंनाच वापरता येते, ती रक्तात परत येत नाही. म्हणून पाय पळू शकतात, पण डोकं गरगरतं, डोळ्यांपुढं अंधारी येते, हात थरथरतात. त्यात पहाटे पाणीही प्यायलेलं नसेल, तर आणखी भर.

आणि आपल्याकडं तिसरी गोष्ट असते, रक्त कमी असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९ ते २१ या काळात झालं. त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. निम्म्याहून जास्त! गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं, की तिला रक्तक्षय आहे असं डॉक्टर म्हणतात. रक्त कमी असलेल्या पोरीला लवकर धाप लागते, कारण रक्तच प्राणवायू वाहून नेतं. ती म्हणते, माझा दम कमी पडतो. सर म्हणतात, सराव वाढव. सराव वाढवून रक्त वाढत नाही हो.

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर पळणं, १०० मीटर पळणं आणि गोळाफेक असतं. सगळे मिळून ५० गुण. तिथं एकेका सेकंदाला किंमत आहे. पी. टी. उषा १९८४ साली लॉस एंजलिसच्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळा शर्यतीत चौथी आली. तिसऱ्या नंबरची बाई तिच्यापुढं किती होती? एका सेकंदाचा शंभरावा भाग. उषानं पुढं एका मुलाखतीत सांगितलंय, की तिथलं अन्न तिला खाता येत नव्हतं. लोणच्याबरोबर तांदळाची पेज खाऊन ती पळाली आणि शेवटच्या टप्प्यात त्याचा फटका बसला. एवढी मोठी खेळाडू! मग आपल्या पोरी तर चहावर पळतात.

आम्ही हे सांगितल्यावर बैठकीत कोण काय म्हणालं तेही ऐका, कारण खरी अडचण तिथंच आहे.

एक मावशी म्हणाल्या, ‘पारोशानं खायचं का? आंघोळ नाही, देवाला दिवा नाही, अन् पोरगी पहाटे तोंड हलवणार?’ आम्ही गप्प बसलो. आमच्याही घरी हेच वळण आहे. मग कोपऱ्यातल्या एका आजी म्हणाल्या, ‘तान्हं लेकरू पारोशानंच दूध पितं की. चूळ भरावी अन् खावं.’ त्या घरात दोन सुना आहेत, आणि आजींचा शब्द तिथं चालतो. त्यामुळं आमचं काम तिथं निम्मं झालं.

दुसऱ्या एकीचं म्हणणं असं, की खाऊन पळलं तर पोटात कळ येते. यात खोटं काही नाही. तट्ट पोट भरून किंवा तांब्याभर पाणी पिऊन लगेच पळलं, तर बरगडीखाली कळ येतेच. पण त्यावर उपाय उपाशी राहणं नाही, थोडं आणि वेळेत खाणं हा आहे. पोटभर जेवणानंतर तीन तास तरी जाऊ द्यावेत. हलकं काही खाल्लं असेल, तर अर्धा-पाऊण तास पुरतो.

तिसरीनं हळूच विचारलं, ‘ताई, उपाशी पळलं की चरबी लवकर जळते म्हणे?’ हा प्रश्न पोरींचाही असतो, त्या मोबाईलवर बघतात. उपाशी पळताना शरीर चरबी जरा जास्त वापरतं, हे खरं. पण नंतर दिवसभरात ते बरोबरीचं होतं. वजन कमी होणं न होणं हे दिवसभर एकूण किती खाल्लं आणि किती राबलं यावर ठरतं, पहाटेच्या उपासावर नाही. आणि सांगा, भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या पोरींची कोणती चरबी जाळायची आहे? मनगटं बघा त्यांची.

मग चौथं बोलणं आलं. ते कुणी मोठ्यानं बोललं नाही, चहा पिताना कानावर आलं. ‘पोराला अंडी देतो सकाळी, तो तालमीत जातो. आता पोरीलाही द्यायची म्हणजे…’ वाक्य तिथंच थांबलं. त्या बाईला आम्ही नावं ठेवत नाही. पाच माणसांच्या घरात दूध एक लिटर असेल, तर ते कुणाच्या पेल्यात जायचं हे तिच्या हातात नसतं. पण एक विचारावंसं वाटतं. गटातून कर्ज काढताना तुम्ही नवऱ्याशी, सासऱ्याशी बोलता, सही घेता. हप्ता तुम्ही भरणार, पोरगी पळणार. तर मग एक केळं आणि एक अंडं एवढं मागायला जीभ का अडते?

आता काय खायचं, ते सांगतो. यातलं काहीच दुकानातून डब्यात भरून आणायचं नाही. ती चॉकलेटच्या चवीची पावडर अकॅडमीच्या शेजारी विकतात, तिच्यामागं लागू नका. त्या पैशात महिन्याची कडधान्यं येतील.

पहिली गोष्ट रात्रीचं जेवण. पहाटेच्या पळण्याची शिदोरी रात्रीच बांधली जाते. पोरगी सगळ्यांना वाढून मागून बसते आणि उरलेलं खाते. कालवण संपलेलं असतं, मग चटणी-भाकरी. हे बदलायचं. पळणाऱ्या पोरीनं सगळ्यांबरोबर बसायचं, भाकरी किंवा भात, त्यावर डाळ, हुलगा, मटकी असं काहीतरी घट्ट असायलाच हवं.

पहाटे उठलं, की चूळ भरून एक पेला पाणी. त्यानंतर एक केळं, नाहीतर तीन-चार खजूर, नाहीतर लिंबाएवढा गुळाचा खडा. उन्हातून आलेल्या पाहुण्याला आपल्या आज्या गूळ-पाणी द्यायच्या, ते उगीच नव्हे. गूळ लगेच अंगी लागतो. ज्यांना तास-दीड तास सराव असतो त्यांनी आणखी थोडं खावं. चतकोर शिळी भाकरी ताकात कुस्करून, किंवा वाटीभर नाचणीची आंबील. ताक कुणाला सोसतं, कुणाला नाही, ते ज्याचं त्यानं आठवडाभर करून बघावं. शेंगदाणे मात्र पळायच्या आधी नकोत. ते पौष्टिक खरे, पण त्यात तेल भरपूर, पचायला वेळ घेतात, आणि पळताना पोटात जड पडतात. त्यांची जागा नंतर.

पळून आल्यावर तासाभराच्या आत खायचं, आणि इथंच सगळा घोटाळा होतो, कारण आल्याबरोबर कामं आ वासून उभी असतात. मूठभर शेंगदाणे, म्हणजे तीसेक ग्रॅम, यात सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात. एका अंड्यात सहा. मोड आलेली मटकी, दूध, फुटाणे, जे घरात असेल ते. प्रथिनांनी स्नायू भरून येतात आणि भाकरीनं पुन्हा साठा भरतो. एसटी सातची असेल तर भाकरीची गुंडाळी हातात द्या. गाडीत बसून खाऊ दे. लाज कसली?

चहाचंही सांगितलंच पाहिजे. चहा आम्हालाही लागतो, सोडा म्हणणार नाही. पण चहानं भूक मारली जाते, आणि जेवणाबरोबर घेतला तर जेवणातलं लोह अंगी लागत नाही. जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवा. उलट जेवताना लिंबू पिळलं, आवळा किंवा पेरू खाल्ला, तर लोह जास्त शोषलं जातं. लोहाच्या गोळ्याही चहाबरोबर घेऊ नका. या गोळ्या शाळेत, अंगणवाडीत आणि आशाताईंकडं मिळतात. पोरी त्या दप्तरातच ठेवतात, हे आम्हाला ठाऊक आहे. नुसत्या गुळानं रक्त वाढतं असं समजू नका. गुळात लोह असतं, पण रक्तक्षय भरून काढायला ते पुरत नाही.

पोरींनो, आता तुमच्याशी एक सरळ बोलायचंय. घरात पुरुष ऐकत असतील तर ऐकू द्या. सराव वाढला आणि खाणं तेवढंच राहिलं, की काही पोरींची पाळी लांबते, कधी बंदच होते. मैत्रिणी म्हणतात, बरं झालं, कटकट गेली. सराव चांगला चाललाय, त्याची खूण आहे. नाही. शरीराला पुरेसं अन्न मिळत नाही म्हणून ते खर्च कमी करतंय, त्याची ती खूण आहे. हेच वय हाडं भरण्याचं आहे. पाळी बंद राहिली तर हाडं ठिसूळ होतात, पळता पळता नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो, आणि मग भरतीच्या ऐन महिन्यात पाय प्लास्टरमध्ये. तीन महिने पाळी आली नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आईला सांगायला संकोच वाटत असेल, तर आशाताईंना सांगा.

उपासाच्या दिवसांचं काय, हे नेहमी विचारलं जातं. श्रावणात, नवरात्रात पोरी उपास धरतात आणि पळतातही. उपास करायचा की नाही हे आम्ही सांगणार नाही. पण त्या दिवशी सराव हलका ठेवा, आणि पळायच्या आधी केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू यातलं काही खा. साबुदाण्याची खिचडी तेला-तुपाची असते, ती नंतर. निर्जळी उपास असेल तर त्या दिवशी पळू नये.

भरतीच्या दिवशी तर फार जपायचं. मैदानावर पहाटे बोलावतात आणि कागदपत्रं, उंचीचं मोजमाप होऊन नंबर यायला ऊन डोक्यावर येतं. त्या दिवशी आई प्रेमानं शिरा-पुरी करते. नको. रोज जे खाऊन पळता तेच खा, नवं काही नाही. पिशवीत दोन केळी, खजूर, गूळ आणि पाण्याची बाटली, पाण्यात चिमूटभर मीठ, साखर आणि लिंबू. नंबर लांबला तर मधे मधे थोडं थोडं खात राहायचं.

आपल्या वयाच्या बाया आता म्हणतील, हे सगळं पोरींचं झालं, आमचं काय? ज्या सकाळी अर्धा तास रमतगमत फिरायला जातात, त्यांनी काही न खाता गेलं तरी चालतं, पाणी तेवढं पिऊन जा. पण ज्यांना साखरेचा आजार आहे आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी उपाशी बाहेर पडू नका. काही गोळ्यांनी साखर एकदम उतरते. घाम फुटला, हात कापायला लागले, बोलताना अडखळायला झालं, तर तिथंच बसायचं आणि साखर किंवा गूळ तोंडात टाकायचा. पदराला पुडी बांधूनच निघा. आपली गोळी कोणती आणि ती खाण्याआधी की नंतर, हे पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारून घ्या. गरोदर बाईनंही रिकाम्या पोटी चालायला जाऊ नये.

आणि ज्या सकाळी सातला खुरपायला, रोजगार हमीवर किंवा उसात जातात, त्यांचं चालणं म्हणजे फिरणं नव्हे, ती मजुरी आहे. वाकून चार तास खुरपणं हे ८०० मीटर पळण्यापेक्षा कमी नाही. पण पोरगी निदान ‘तयारी करतेय’ म्हणून कुणी विचारतं, आपल्याला कोण विचारणार? म्हणून पोरीसाठी केळं ठेवाल तेव्हा दोन ठेवा.

आमच्या एका ग्रामसंघानं काय केलं ते सांगतो. गावातल्या चौदा पोरी कॅनॉलच्या रस्त्यावर पळतात. त्यांच्या सुरुवातीच्या जागेला एका सदस्याचं घर आहे. त्या घराच्या ओसरीवर पत्र्याचा डबा ठेवलाय. दर आठवड्याला दोन घरांची पाळी. लाडू करा, खजूर आणा, केळ्यांचा घड ठेवा, ज्याला जे जमेल ते. पोरींनी घरातून निघून तिथं यायचं, एक लाडू खायचा, पाणी प्यायचं, हात-पाय मोकळे करायचे आणि अर्ध्या तासानं पळायचं. वरवर बघता ही छोटी गोष्ट. पण घरी जिला खायला संकोच, तिला तिथं सगळ्यांबरोबर खाता येतं. पारोशाचा वादही मिटला, कारण तो डबा देवघरापासून लांब आहे! सगळं सुरळीत आहे असं नाही. एका आठवड्यात डबा रिकामाच राहिला, पाळी कुणाची यावरून दोघींचं बोलणं बंद झालं. आणि एक पोरगी अजूनही लाडू ओढणीत बांधून घरी नेते, धाकट्या भावासाठी. तिला आता दोन देतात. एक समोर खायचा, या अटीवर.

तर त्या डब्यातल्या लाडवाचं प्रमाण लिहून घ्या. नाचणीचं पीठ दोन वाट्या, डाळव्याचं पीठ अर्धी वाटी, बारीक चिरलेला गूळ एक वाटी, तूप अर्धी वाटी. नाचणीचं पीठ मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजायचं, खमंग वास सुटेपर्यंत. घाई केली तर कच्चट लागतं. मग त्यात डाळव्याचं पीठ घालून दोन मिनिटं परतायचं. खाली उतरवून गरम असतानाच गूळ आणि पातळ केलेलं तूप घालायचं, हातानं मळून लिंबाएवढे लाडू वळायचे. पंधरा-सोळा होतात. वेलची असली तर घाला, नसली तरी चालतं. कोरड्या डब्यात आठ दिवस राहतात, पण चौदा पोरी असल्या, की दुसऱ्या दिवशी पुन्हा नाचणी दळायला टाकावी लागते.